परचुऱ्यांचा युवराज

शरच्चंद्र परचुरे हे आमच्या सोसायटीतले सगळ्यात कमी बोलणारे गृहस्थ आणि मी सगळ्यात जास्त बोलणारी बाई. त्यामुळे आमचं जमलं. ते तिसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेली, त्यामुळे समोरचा माणूस थापा मारतोय असं धरूनच ते 'नमस्कार' म्हणतात. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. माझ्याही वाट्याला खरं बोलणारी माणसं फारशी आली नाहीत, पण मी निदान हसून नमस्कार करते.

पक्ष्यांतलं परचुऱ्यांना कावळा, चिमणी आणि पारवा एवढंच कळायचं. पारवा कळायचा, कारण तो एसीच्या डब्यावर घाण करतो. असा माणूस एका पावसाळ्यात रोज दुर्बीण गळ्यात अडकवून कोथरूडच्या टेकडीवर वणवण फिरला. सोसायटीतल्या लोकांनी त्याला 'निवृत्तीनंतरचा छंद' म्हटलं. लोकांना काहीही म्हणायला काय जातं. त्या माणसाकडे त्याची बायको एकच गोष्ट मागत होती आणि ती त्याला देता येत नव्हती.

नम्रता ही त्यांची एकुलती एक मुलगी. हिंजवडीत नोकरी. आठवडाभर लॅपटॉप, शनिवार-रविवार पक्षी. आमच्या इमारतीच्या मागेच टेकडी सुरू होते. तिच्या पश्चिमेच्या उतारावर तेव्हा काहीच नव्हतं, म्हणजे आम्हा लोकांच्या भाषेत काहीच नव्हतं. गवत आणि दगड. त्या उतारावर एका पावसाळ्यात नम्रताला युवराज नावाचा पक्षी दिसला. चिमणीहून जरासा मोठा, अंगाने काळाकुळकुळीत, पंख आणि शेपटी विटकरी, आणि डोक्यावर टोकदार तुरा. तो तुरा इतका ऐटदार की नाव ठेवणाऱ्याला दुसरं काही सुचलं नसेल.

तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. "बाबा, पटकन वर ये. दगडावर बसून गातोय. मी इतकी जवळ आहे तरी हलत नाहीये. मला बघतोय तो."

परचुरे म्हणाले, "वर चिखल असेल. तूच खाली ये, चहा टाकलाय."

यात काही गैर नव्हतं. कुठलाही बाप हेच म्हणाला असता आणि पुढच्या वर्षी मुलीबरोबर वर गेला असता. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत नम्रता राहिली नाही. रक्ताचा कर्करोग. थंडीत कळलं आणि उन्हाळ्यात संपलं. दवाखान्यात सरोजिनी, तिची आई, उशाशी बसलेली असायची. नम्रता तिला त्या पक्ष्याबद्दल सांगायची. मोबाइलमध्ये त्याचा एक फोटो होता. जमिनीतून तिरका वर आलेला दगड, त्यावर तो, आणि मागे नुसतं गवत. "पाऊस सुरू झाला की तो याच दगडावर येतो, आई. मी बरी झाले की तुला नेणार. तेव्हा गुडघ्याचं कारण सांगायचं नाही." सरोजिनी त्या टेकडीच्या पायथ्याशी सगळा संसार करून एकदाही वर गेली नव्हती. तिने 'हो' म्हटलं.

आता एक आमच्याकडची पद्धत सांगते. आमच्याकडे माणूस गेला की टेकडीवर त्याच्या नावाने झाड लावतात. टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांचं मंडळ आहे, ते खड्डे खणतं, आणि मग सगळे जण सकाळी हातात पाण्याचे कॅन घेऊन वर चढतात. वर गेल्यावर एकमेकांच्या झाडांची उंची बघतात आणि स्वतःचं का वाढत नाही म्हणून कुढतात. मंडळाचा प्रमुख इंद्रजीत. आज आमच्या सोसायट्या आहेत तिथे त्याच्या आजोबांची ज्वारी होती. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. मनाचा निर्मळ आणि आवाजाचा दांडगा. नम्रताचे दिवस झाल्यावर तो परचुऱ्यांकडे आला.

"काका, पोरीच्या नावानं एक झाड लावू. टेकडी आपलीच हाय. जागा तुम्ही सांगा."

परचुऱ्यांनी पश्चिमेचा उतार सांगितला, कारण ती तिथे बसायची. त्या तिरक्या दगडाशेजारी त्यांनी पहिलं झाड लावलं. एका झाडाने त्यांचं भागलं नाही. दुसरं लावलं, मग ओळ लावली. करंज, कडुलिंब, बहावा, वड. झाडाभोवतीचं गवत उपटून काढलं, आळी केली, आळ्यांना दगडांचं कडं केलं. पोटच्या पोरीसाठी काहीच करता आलं नव्हतं, तेव्हा हा माणूस पाणी घालत सुटला. मंडळाने त्यांना डोक्यावर घेतलं. दोन वर्षांत तो उतार भरला, झाडं परचुऱ्यांच्या खांद्याला लागली. परचुऱ्यांना वाटायचं, झाडं आली की पक्षी येतात, पक्षी आले की नम्रताला बरं वाटेल. हे त्यांनी मला शब्दशः सांगितलं होतं.

ती दोन वर्षं सरोजिनी घराबाहेर पडली नाही. जेवायची अर्धं, बोलायची त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, तपासण्या सगळ्या ठीक आहेत. मग तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये, एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "पाऊस लागला. तो आला असेल. मला वर नेऊन दाखवा."

परचुऱ्यांना आधी कळेचना. मग ते इतके खूश झाले की खाली येऊन मला सांगून गेले. सरोजिनीने काहीतरी मागितलं, हीच बातमी होती. त्या दिवशी ती पोटभर जेवली. आधी तुम्ही बघून या, म्हणाली, तो असला की मी गुडघे कसेही ओढत येते.

दुसऱ्या दिवसापासून परचुरे दुर्बीण घेऊन जाऊ लागले. दुर्बीण नम्रताची. ते परत यायचे तेव्हा सरोजिनी दारात उभी असायची. आमचा जिना उघडा, वरचं सगळं मला ऐकू येतं.

"होता?"

"नाही."

दार लागायचं. रोज तेच. कधी पाऊस होता म्हणून नसेल, कधी ऊन होतं म्हणून नसेल. पुढे पुढे परचुरे टेकडीवरून उतरले की आधी माझ्याकडे येऊन बसायला लागले. चहा गार होईपर्यंत कप हातात धरून ठेवायचे. मी म्हणायचे, "अहो परचुरे, घ्या तो." त्यांना चहा नको असायचा. वर जाऊन 'नाही' म्हणायचं होतं, ते जरा लांबवायचं होतं. सरोजिनीचं जेवण पुन्हा अर्ध्यावर आलं. जुलै निघून चालला होता आणि परचुऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

एक दिवस जिन्यात धावल्याचा आवाज आला. मी दार उघडलं तर परचुरे, चपला चिखलाने भरलेल्या, हातात मोबाइल.

"निशाताई, दिसला. माझ्याच झाडावर. तुरा बघा."

मी काही बघायच्या आत ते वर. मीही मागोमाग गेले. सरोजिनी चष्मा शोधत होती. परचुऱ्यांनी फोटो मोठा करून धरला. ढगाळ उजेडात करंजाच्या शेंड्यावर एक काळी आकृती, डोक्यावर उभा टोकदार तुरा. मी बघितलं. बोलू नये असं आयुष्यात फार क्वचित वाटतं मला, पण तेव्हा वाटलं.

सरोजिनी बराच वेळ बघत राहिली. मग तिने चष्मा काढला.

"गालावर पांढरं आहे. अहो, हा निशाच्या गॅलरीतला आहे."

शिपाई बुलबुल. माझ्या मनीप्लांटमध्ये दर वर्षी घरटं करतो. सगळ्या पुण्यात, ज्याच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत त्याच्याकडे असतो. परचुरे फोटोकडे बघत राहिले. चुकलो म्हणायची सवय नसलेला माणूस, तो म्हणाला, "तुरा होता ना पण." सरोजिनी आत निघून गेली. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी दोन्हींपैकी काहीच न दाखवता खाली आले आणि उगाच डबे घासत बसले.

शेवटी मीच ऋचाला फोन केला. ऋचा ही नम्रताची मैत्रीण. दोघी एकत्र पक्षी बघायच्या. आता ती बाहेरच्या राज्यात गवताळ रानांवर संशोधन करते, आणि सुट्टीला पुण्यात आली होती. ती, परचुरे आणि मी अशी आमची वरात टेकडीवर गेली.

पश्चिमेच्या उतारावर आल्यावर ऋचा थांबली ती पुढे सरकेचना. तिने त्या झाडांकडे बघितलं, आळ्यांकडे बघितलं, पाणी नेणाऱ्यांच्या पायवाटेकडे बघितलं.

"काका, हे सगळं कधी लावलं?"

"दोन वर्षं झाली. नम्रताच्या नावाने आहे."

"कोणी लावलं?"

"मी."

ती गप्प झाली. परचुऱ्यांनी दावे तपासण्यात जन्म काढलेला, गप्प बसलेल्या माणसाला काहीतरी माहीत असतं हे त्यांना कळतं. ते म्हणाले, "ऋचा, त्या पक्ष्याला काय लागतं ते सरळ सांग."

"मोकळं लागतं, काका. गवत आणि उघडा दगड. त्याचं घरटं जमिनीवर असतं, गवताच्या बुडाशी. गवत गेलं आणि झाडं दाटली की तो निघून जातो. आणि रोज एवढी माणसं पाणी घालायला आली तर… अॅक्च्युअली त्याच्याही आधीच जातो."

"झाडं लावली की पक्षी येतात म्हणतात."

"येतात ना. बुलबुल येतात."

परचुरे आळ्याच्या कड्यावर बसले. त्यांनी विचारलं, तो अजून जिवंत असेल का. ऋचाने खोटं सांगितलं नाही. एवढासा पक्षी, म्हणाली, तोच असेल असं नाही सांगता येत. पण जागा तशीच राहिली तर त्याची पिल्लं तरी तिथे येत राहतात. परचुरे मान हलवत राहिले, कितीतरी वेळ. मला त्यांच्याकडे बघवेना.

ऋचाला वाटलं काकूंना निदान पक्षी तरी दाखवू. सिंहगडाच्या पायथ्याकडे अजून मोकळे उतार आहेत, तिथे तो हमखास दिसतो, गाडी जवळपर्यंत जाते. तिने आम्हा सगळ्यांना नेलं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करतोय तोवर समोरच्या दगडावर तो होता. काळा, विटकरी पंखांचा, तुरा वर करून मोकळ्या गळ्याने गात होता. ऋचाने काकूंच्या डोळ्यांना दुर्बीण लावून दिली. सरोजिनीने त्याला नीट, मन लावून पाहिलं. परचुरे पक्ष्याकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"फार देखणा आहे," ती म्हणाली. "चला."

परतताना सिंहगड रस्त्याच्या सिग्नलला ती म्हणाली, "याने तिला पाहिलेलं नाही. मला तो हवाय, ज्याने तिला पाहिलंय."

घरी आल्यावर सरोजिनीने नवऱ्याला विचारलं, मग आपला कुठे गेला. मी तिथेच होते, निघायचं सुचलं नाही मला.

परचुरे म्हणाले, "मी घालवला."

"तुम्ही?"

"झाडं लावून."

सरोजिनी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं. परचुरे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपू लागले, आणि सकाळी दुर्बिणीऐवजी कुदळ घेऊन टेकडीवर जाऊ लागले.

सत्तरीतला माणूस. स्वतःच्या हाताने जगवलेली झाडं. लहान दोन-चार उपटली, पण करंज काही हलेना. त्याच्या मुळ्या दगडात शिरल्या होत्या. परचुरे मुळ्यांवर घाव घालत, धापा टाकत बसले होते तेव्हा इंद्रजीतने पाहिलं.

"काका, हे काय करताय? पोरीच्या नावाची झाडं हायेत ती."

परचुऱ्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"एका चिमणीपायी, काका?"

मग त्याने त्यांच्या हातातली कुदळ अलगद काढून घेतली, त्यांना धरून खाली आणलं आणि घरापर्यंत सोडलं. माणूस दुःखाने भ्रमिष्ट झाला तर आणखी काय करणार. त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, परचुरेकाका खचलेत, आपण सगळ्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. पाठीशी उभं राहायचं म्हणजे काय करायचं हे मंडळाला एकच माहीत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की पश्चिमेच्या उतारावर, उरलेल्या जागेत, आणखी झाडं लावायची. 'नम्रता स्मृतिवन'. पहिलं रोप नम्रताच्या आईच्या हस्ते.

परचुरे माझ्याकडे आले. "निशाताई, तुम्ही सांगा त्यांना. माझं कुणी ऐकत नाही." मी इंद्रजीतला फोन केला. तो म्हणाला, मावशी, तुम्ही तरी समजून घ्या, लोकांनी वर्गणी काढून रोपं आणलीत. मी भांडले, चांगलीच भांडले. उपयोग शून्य. चांगली माणसं एकदा चांगलं करायला निघाली की त्यांना कुणी थांबवू शकत नाही.

आणि सरोजिनीने त्यांचं आमंत्रण स्वीकारलं.

पंधरा ऑगस्टला ती टेकडी चढली. आयुष्यात पहिल्यांदा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काठी. दर चार पावलांवर ती थांबत होती. परचुरे मागून येत होते. त्यांच्याशी ती अजून बोलत नव्हती. वर पोचलो तेव्हा झाडून सगळं मंडळ हजर होतं, आणि दोन करंजांच्या मध्ये फ्लेक्स बांधला होता. त्यावर नम्रताचा फोटो, कुठल्याशा लग्नातला, दागिने घातलेला. तिला असले फोटो मुळीच आवडायचे नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रजीतने पिंपळाचं रोप आणलं.

खड्डा त्या तिरक्या दगडाला लागूनच खणलेला होता. सरोजिनी दगडाकडे बघत राहिली. मग कितीतरी दिवसांनी ती नवऱ्याशी बोलली.

"हाच का तो?"

"हाच," परचुरे म्हणाले.

तिने काठी माझ्याकडे दिली, दगडाला धरत खाली वाकली आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. मला वाटलं, दमली.

इंद्रजीत म्हणाला, "काकू, जरा उठता का? रोप लावायचंय."

"लावा की. माझ्यावरच लावा."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. इंद्रजीत रोप हातात घेऊन तसाच उभा. मागून एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, अहो, झाडं चांगलीच असतात की सगळ्यांसाठी.

"असतील. तुमच्या पार्किंगमध्ये लावा," सरोजिनी म्हणाली. मग तिचा आवाज फाटला. "माझ्या मुलीला इथे काही नव्हतं, तेच आवडायचं. तुम्ही सगळ्यांनी मिळून तिथे काहीतरी करून ठेवलंत. यांनीसुद्धा. ती गेली, तिचा तो पक्षी गेला. आता एवढी वीतभर जागा राहिलीये, ती तरी राहू द्या."

मग इंद्रजीतने रोप खाली ठेवलं आणि स्वतःच्या हाताने फ्लेक्स सोडवला. नम्रताचा फोटो आत राहील अशी त्याची घडी घातली.

"काकू, लावलेली झाडं काढायला परवानगी लागते. ती मिळंल का न्हाय, मी सांगू शकत न्हाय. पण नवं कायी लागणार न्हाय आता. पाणी घालायला बी या अंगाला कुणी यायचं न्हाय."

मंडळ रोपं उचलून उतरलं. खाली गेल्यावर त्यांचे आवाज चढले, पण शब्द आमच्यापर्यंत पोचले नाहीत. मी जरा लांब जाऊन बसले.

सरोजिनीने दुर्बीण मागितली. तिला ती नीट लावता येईना, तेव्हा परचुऱ्यांनी वाकून तिच्या डोळ्यांना जुळवून दिली. तिने उतारावरून नजर फिरवली. जिकडेतिकडे करंज आणि कडुलिंब, आणि त्यांच्यावर बुलबुल. गवत फक्त त्या दगडाच्या एका अंगाला थोडंसं उरलं होतं. रिमझिम सुरू झाली. परचुऱ्यांनी छत्री उघडून तिच्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिले.

"ऋचा म्हणते, तो परत यायला वर्षं लागतील," ते म्हणाले. "तोपर्यंत आपण असू की नाही माहीत नाही. आणि तो येणारच नाही, असंही होईल. मग?"

सरोजिनीने दुर्बीण खाली घेतली नाही.

"तीही येणार नाहीये. तिची वाट बघायचं सोडलंय का आपण?"

परचुऱ्यांनी खांद्यावर तोंड पुसलं. मग तिने जराशी सरकून दगडाशी त्यांच्यासाठी जागा केली आणि ते बसले.